सतरा वर्षांचा नवरदेव आणि एका कोयत्याचा हिशेब

बारावीतल्या एका मुलाने ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईडसाठी अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात मुलं एसटीचा पास, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं असं काहीतरी लिहितात. याने लिहिलं होतं, ‘वय २१ पूर्ण नाही हे घरी दाखवण्यासाठी’. क्लार्क आधी हसला, मग अर्ज घेऊन वर्गशिक्षकांकडे गेला, आणि सरांनी आम्हाला फोन केला.

बालहक्कांवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी समुपदेशक आहे. बालविवाहाची प्रकरणं आम्हाला नवी नाहीत. मुलाने आपणहून, आपल्याच लग्नाविरुद्ध कागद मागितला, असं मात्र फार क्वचित घडतं. शिक्षक, अंगणवाडी ताई, पंचायतीत काम करणारे यांच्यापुढे असा मुलगा उद्या उभा राहू शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ओळख पटू नये यासाठी गाव, नाती आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. यातलं सगळं एकाच घरात घडलेलंही नाही, तशाच दुसऱ्या घरांमधलं थोडं त्यात मिसळलं आहे.

घर आणि वही

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. दोन एकर कोरडवाहू रान, त्यात कापूस आणि तूर. घरात आजी, आई-वडील, हा मुलगा आणि तेरा वर्षांची बहीण. दसरा झाला की गावातल्या निम्म्या घरांना कुलूप लागतं. माणसं ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळी, पीठ भरून कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या कारखान्यांवर नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परत येतात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

ज्यांनी हे जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. टोळी जमवून कारखान्यावर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको पाला काढून साळते, मोळी बांधते, दोघं मिळून डोक्यावरून गाडीत भरतात. हंगामाच्या आधी, आषाढ-श्रावणात, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. त्याला उचल अर्धी मिळते आणि बऱ्याचदा टोळीत कुणी घेतही नाही. जोडीतला एक जण एक दिवस बसला तर खाडा पडतो आणि ती रक्कम हिशेबातून कापली जाते.

या घरातला कोयता मोडत आला होता. आई चौतिशीची. तिची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षीच काढली होती. बीड जिल्ह्यात हे नवल नाही. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमून जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, अंगावरून जातंय ते एकदाचं थांबावं, कॅन्सरची भीती घातली गेली, अशी कारणं बायका सांगतात. या आईची कंबर त्यानंतर गेली ती गेलीच. गेल्या हंगामात तिच्याने मोळी उचलेना. जोडीचं टन घटलं आणि वडिलांच्या अंगावर पंचेचाळीस हजार बाकी राहिली.

यंदा आषाढात मुकादमाने विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, ‘पोराचं लगीन करतो, जोडी देतो.’ त्या शब्दावर एक लाख वीस हजार उचल झाली. पंचेचाळीस हजार जुन्या बाकीत वळते झाले, ते काही हातात आले नाहीत. चाळीस हजार सावकाराला गेले. उरलेले पस्तीस हजार लग्नासाठी बाजूला ठेवले. मुलगी शोधायची गरज नव्हती. मामाची मुलगी जन्मल्यापासून बोलून ठेवलेली होती. ती पंधरा वर्षांची, दहावीत. श्रावणात सुपारी फुटली. नवरात्र उठलं की मामाच्या गावातल्या देवळात हार घालायचे आणि नव्या जोडीने थेट ट्रॅक्टरमध्ये बसायचं, असं ठरलं.

आता हिशेब बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यानंतर टनाला साधारण ३६६ रुपये मिळू लागले. धडधाकट जोडी रोज दोन टन तोडते असं धरलं तर ७३२ रुपये झाले. हंगाम १२० दिवस चालला आणि एकही खाडा पडला नाही, तरी रक्कम ८८ हजारांच्या आतच राहते. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपासची उचल एका हंगामात फिटतच नाही. नवरा-नवरी उसाच्या फडात उतरायच्या आधीच त्यांचा पुढचा हंगामही विकला गेलेला असतो. हा हिशेब मला त्या मुलाने मांडून दाखवला, गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर.

मुलगा काय म्हणत होता

पहिल्या भेटीत तो परीक्षेचंच बोलला. बारावीची बोर्ड परीक्षा फेब्रुवारीत, प्रॅक्टिकल त्याच्याही आधी, आणि पट्टा पडणार मार्चमध्ये. म्हणजे परीक्षा बुडालीच. मुलांच्या तोंडी परीक्षेचं कारण लवकर येतं, कारण मोठ्या माणसांना तेवढं एकच पटतं हे त्यांना ठाऊक असतं. मी तिथे थांबलो नाही.

खरं कारण हळूहळू बाहेर आलं. सहाव्या वर्षापासून आठवीपर्यंत तो आई-वडिलांबरोबर फडावर जात होता. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत झोपायचा, बहिणीला सांभाळायचा, पहाटे तीनला गाडी भरताना बॅटरी धरायचा. नववीत आजीने हट्टाने मागे ठेवून घेतलं म्हणून शाळा सलग झाली. ‘माझं नाव एकदा वहीत गेलं की निघत नाही, सर. चुलत भावाचं बघितलंय. लगीन एकोणिसाव्या वर्षी, आता दोन लेकरं आणि अंगावर दीड लाख.’ त्याला आयटीआयला जाऊन वीजतंत्री व्हायचं होतं. मामाच्या मुलीबद्दल राग नव्हता. सुट्टीत एकत्र खेळलेली, भांडलेली पोरं. ‘ती तर मला अजून अरे-तुरे करती,’ एवढंच तो लाजत म्हणाला.

घरी त्याने काय काय करून पाहिलं होतं तेही विचारलं. आईला सांगितलं, ती रडली. जेवण सोडलं, तेव्हा शेजारपाजारच्यांनी वडिलांना सल्ले दिले: पोराचं कुठं लफडं असेल, मोबाईल तपासा. एक जण म्हणाला, दवाखान्यात दाखवा. आजीने चेष्टा केली, ‘रामदास झालास का रे?’ शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचा बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाला, ही कथा इथल्या प्रत्येक आजीला पाठ असते. मला मात्र त्या चेष्टेवर विचार करावासा वाटला. देवासाठी लग्न नाकारणाऱ्या पोराला आपल्याकडे समर्थ म्हणतात. आयटीआयसाठी नाकारणाऱ्याला काय म्हणायचं, याची सोयच नाही. त्याच्या नकाराला बसायला जागा नव्हती, म्हणून लोक त्यात लफडं किंवा आजार शोधत होते.

मुलगा गप्प-गप्प असेल तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने ते डोक्यात भरतं, ही समजूत खोटी आहे. मी विचारलं. तो म्हणाला, ‘तसं नाही. पण आदल्या रात्री पळून जाईन. चाकणला गावातली पोरं आहेत.’ कुणाकडे जाणार, भाडं कुठून आणणार, हेही त्याने ठरवलं होतं. म्हणजे धोका खरा होता आणि वेळ थोडा होता. त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की निघायच्या आधी सरांना फोन करायचा.

कायद्यात मुलगा आहे, वापरात नाही

या प्रकरणात जिथे जिथे आम्ही माहिती दिली तिथे पहिला प्रश्न एकच आला: मुलगी किती वर्षांची? पंधरा म्हटल्यावर समोरचा हलायचा. मुलगा सतराचा आहे आणि तक्रार त्याची आहे, हे दुसऱ्यांदा सांगावं लागायचं. लग्न लावणार नाही असं पालकांनी लिहून द्यायच्या हमीपत्राचा छापील नमुना मिळाला, त्यातही ‘मुलीचे वय १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत’ एवढंच होतं. पेनाने खोडून ‘मुलाचे’ आणि ‘२१’ असं लिहावं लागलं.

कायदा तसा नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ मध्ये बालक म्हणजे १८ पूर्ण न झालेली मुलगी आणि २१ पूर्ण न झालेला मुलगा. दोघांपैकी एक जण जरी कमी वयाचा असला तरी तो बालविवाह. कलम ३ प्रमाणे असं लग्न रद्द करून घ्यायचा हक्क त्या वेळी बालक असलेल्या कुणालाही आहे, मुलालाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशाच एका माणसाचं लग्न रद्द ठरवलं. २००४ मध्ये ते लागलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मुलाला त्यासाठी २३ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो, असंही त्या न्यायालयाने धरलं. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये तर लग्नाच्या वयाआधी विवाह होण्याचा धोका असलेलं मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं. तिथे मुलगा-मुलगी भेद नाही, फक्त वय अठराच्या आत हवं. आमचा मुलगा सतराचा होता म्हणून अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीकडे जाता आलं. एकोणीस वर्षांचा असता तर हे दार बंद असतं. विवाहाच्या कायद्याने तो बालक, बाल न्यायाच्या कायद्याने नाही, अशी तीन वर्षांची एक विचित्र फट आहे आणि फडावरची बरीच लग्नं त्या फटीतच लागतात.

आकड्यांमध्येही तो असाच हरवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के. हा बीडचा आकडा प्रत्येक भाषणात येतो. एकवीसच्या आत लग्न झालेल्या पुरुषांचं प्रमाण देशात १७.७ टक्के आहे. जिल्ह्याच्या पत्रकात मात्र पुरुषांचा हा रकानाच नाही. जगभरात बालपणी लग्न झालेले पुरुष आणि मुलगे ११.५ कोटी आहेत, असा युनिसेफचा २०१९ चा अंदाज आहे. मुलींचं नुकसान कितीतरी मोठं आहे, त्यात वाद नाही. पण मुलाचं ‘नाही’ ऐकलं असतं तर मुलीचंही लग्न तिथेच थांबलं असतं, हे साधं गणित आपण वापरत नाही.

घरी

ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय), त्यांना मदत अंगणवाडी सेविकेची. दोघंही गावातल्या लोकांच्या रोजच्या संबंधातले. त्यांना घेऊन, पोलिसांना न घेता, आम्ही घरी गेलो. कलम १३ खालचा मनाई हुकुमाचा अर्ज तयार करून ठेवला होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी हुकूम दिल्यावरही लग्न लावलं तर कलम १४ प्रमाणे ते मुळातच शून्य ठरतं. मुलाने तक्रार केली हे मात्र त्या घरात उच्चारायचं नाही, असं ठरलं होतं. कॉलेजातून वयाची माहिती आली, एवढंच सांगायचं.

वडील लगेच ‘हो साहेब, नाही करत’ म्हणाले. इतक्या लगेच की मला काळजी वाटली. अनुभव असा की जे घर भांडतं ते ऐकतं. जे घर ताबडतोब मान डोलावतं ते तारीख अलीकडे ओढतं.

भांडली ती आई. ‘साहेब, तुम्ही म्हणता शिकू द्या. शिकू द्या ना, मी कुठं नाही म्हणते? पण ह्या साली मोळी उचलायची कोणी? माझ्यानं होत नाही. मुकादमाला काय तुमचं पत्र देऊ?’ मग भावाचं. ‘पंधरा वर्षं झाली शब्द देऊन. उद्या भाऊबीजेला त्याच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?’

अशा आईला आपल्या अहवालांमध्ये ‘जनजागृतीची गरज’ या शीर्षकाखाली टाकतात. मला ते मान्य नाही. त्या खोलीत पूर्ण हिशेब फक्त तिलाच येत होता. मुलगा शिकला तर चांगलं हे तिला कळत होतं. आपली कंबर कशाने गेली हेही कळत होतं, आणि जी पोरगी तिच्या जागी येणार तिचीही जाईल हे तर सगळ्यात जास्त तिलाच कळत होतं. तिच्यापुढे दुसरा रस्ता कुणी ठेवला नव्हता. आम्हीही तोवर ठेवला नव्हता.

वडिलांना हलवलं ते वेगळ्या गोष्टीने. ग्रामसेवकांनी त्यांना शांतपणे समजावलं की मुलगी अठराच्या आतली असताना दिवस गेले तर दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं, बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा तसा आहे. २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे बायको आहे हे कारण चालत नाही. मुलगा सतराचा असेल तर बाल न्याय मंडळापुढे जाईल, अठरा ओलांडले असतील तर थेट तुरुंग. आई-वडिलांवर कलम ११ खाली गुन्हा तो वेगळाच. वडिलांचा चेहरा उतरला. नवरदेव म्हणून उभा केलेला पोरगा आरोपी होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तरी हा उपाय मला फारसा आवडत नाही. भीती लागू पडते, पण तिच्यामुळेच पुढे कोवळ्या पोरींची बाळंतपणं घरात होतात, आधारकार्डावरचं वय फिरवलं जातं. भीती दाखवून आठवडाभर मिळतो. त्या आठवड्यात दुसरं काही उभं केलं नाही तर तो वाया जातो.

मुकादम

लग्न मोडायचं तर मुकादमाशी बोलावं लागेल, हे मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. सुपारी मामाने फोडली, पण लग्नाचं कारण वहीत होतं.

मुकादम गावातलाच. वीस वर्षं स्वतः ऊस तोडून मग टोळी धरलेला. त्यानेही वाहतूकदाराकडून पैसे घेतलेले, करारावर सही त्याची. तो काही सिनेमातला खलनायक नाही. ‘मला पोराच्या लग्नाशी काय करायचंय? मला जोडी पाहिजे. फडात दोन माणसं पाहिजेत.’ हे वाक्य त्याने चिडून म्हटलं, आणि त्याच वाक्याने वाट सापडली. दोन माणसं पाहिजेत, नवरा-बायकोच हवेत असं नाही. शेजारच्या वस्तीवरच्या एकाच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं होतं, त्यामुळे तोही यंदा अर्धा कोयताच होता. त्याला कुणी घेत नव्हतं. दोन अर्धे मिळून एक पूर्ण करायचा, हे गणित मुकादमानेच मांडलं. आई दोघांचा स्वयंपाक करील, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून वरखर्चाचं बघेल, मोळी उचलणार नाही.

पैशांचं असं ठरलं. वडिलांच्या वाट्याची उचल साठ हजार. घेतलेले एक लाख वीस हजार. लग्नासाठी ठेवलेले पस्तीस हजार त्याच दिवशी परत करायचे. उरलेले पंचवीस हजार बाकी म्हणून पुढच्या सालावर. आजीने डब्यातून पैसे काढून दिले, मुकादमाने मोजून घेतले, वहीत लिहिलं. लग्न खऱ्या अर्थाने तिथे थांबलं. हमीपत्रावर सही त्यानंतर झाली, समितीपुढची हजेरी त्याहीनंतर.

वेठबिगारीचा १९७६ चा कायदा काय म्हणतो, उचलीवर माणूस बांधून घेणं किती कायदेशीर आहे, हे प्रश्न मला माहीत नाहीत असं नाही. ते त्या ओट्यावर काढले असते तर मुकादम उठून गेला असता आणि नवरात्र उठल्यावर हार घातले गेले असते. काही वाचकांना ही तडजोड खटकेल. ज्यांना खटकते त्यांनी त्या प्रश्नांवर कारखान्यांच्या आणि मंत्रालयाच्या पातळीवर जरूर भांडावं, तिथे मीही असतो.

मामा आणि ती मुलगी

मामाचं घर दुसऱ्या तालुक्यात. त्यालाही लग्नाची घाई होती, पण कारण वेगळं. तो आणि मामी तोडीला जाणार. पंधरा वर्षांच्या पोरीला सहा महिने घरी एकटी ठेवायची भीती, फडावर न्यायची त्याहून जास्त. कोपीला दार नसतं. लग्न लावलं की जबाबदारी नवऱ्याची. बापाच्या या भीतीला ‘अज्ञान’ म्हणणं सोपं आहे, पण संध्याकाळनंतर फडावर पोरगी कुठे झोपणार हे त्याने विचारलं तर आपल्याकडे उत्तर नसतं. तोडकामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं मंजूर झाली आहेत, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. आमच्या महिला सहकारी तो पर्याय घेऊन गेल्या. मामाने ‘पोरगी बाहेर ठेवत नसतो’ म्हणून तो नाकारला. शेवटी ती मावशीकडे राहिली, शाळेजवळ.

एक गोष्ट आम्ही जपली आणि अशा प्रत्येक प्रकरणात जपावी असं मला वाटतं. पाहुण्यांच्या बैठकीत ‘मुलाने नाही म्हटलं’ हे वाक्य येऊ द्यायचं नाही. ते आलं की प्रश्न येतो, मुलीत काय खोट आहे? टाकलेली पोरगी म्हणून तिचं नाव होतं आणि घाईघाईने दुसरं, अनेकदा जास्त वयाचं, स्थळ बघितलं जातं. बैठकीत ग्रामसेवक एवढंच बोलले की दोघांचीही वयं बसत नाहीत आणि सरकारने दोन्ही घरांना कळवलं आहे. सुपारी मोडली असं कुणी म्हणायचं नाही, पुढे ढकलली म्हणायचं. मुलाला हे आवडलं नाही. त्याला कायमचं ‘नाही’ हवं होतं. त्याला समजावलं की कायमचं नाही म्हणायला त्याच्यापुढे चार वर्षं आहेत, आणि तोवर त्या मुलीला गावात मान वर करून फिरता आलं पाहिजे.

तसं पाहिलं तर सुपारी फुटण्याला आपल्या कायद्यात थेट बंदी नाही. १८ ऑक्टोबर २०२४ च्या बालविवाहावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच उणिवेवर बोट ठेवलं आणि बालवयात ठरवलेल्या लग्नांवर बंदी आणण्याचा विचार संसदेने करावा असं म्हटलं. तोवर ‘ठरलेलं आहे’ हे दोन शब्द मुलांच्या डोक्यावर राहणारच.

त्या मुलीशी आमच्या सहकारी एकट्यात बोलल्या. तिने लग्नाबद्दल हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. विचारलं एवढंच, की आत्या आता घरी येणार का नाही. मे महिन्यात तिच्यासाठी दुसरं स्थळ आलं, चोवीस वर्षांच्या माणसाचं. त्या गावात आधीच कळवून ठेवलेलं होतं म्हणून साखरपुड्याच्या आधी अंगणवाडी ताईंना वास लागला आणि ते थांबलं. दुसऱ्या तालुक्यातल्या यंत्रणेला लेखी कळवणं हे काम कंटाळवाणं आहे. या प्रकरणात ते केलं नसतं तर मुलगा सुटला आणि मुलगी अडकली, असं झालं असतं. कागदोपत्री मात्र आमचा एक बालविवाह ‘रोखला’ म्हणून नोंदला गेला असता.

त्यानंतर

मुलगा, बहीण आणि आजी गावात राहिले. दिवाळीच्या सुट्टीत तो फडावर जाऊन आला, स्वतःहून. आईला मोळी उचलायला लागू नये म्हणून आठ दिवस त्याने भरणी केली. मला हे नंतर कळलं आणि थोडा अस्वस्थ झालो. कारण घरच्यांनी ‘बघा, पोरगं तयार आहे’ असा अर्थ काढला असता. तसं झालं नाही. पण त्याच्या नकाराचा अर्थ आई-वडिलांना सोडून देणं असा नव्हता, हे त्याने त्याच्या पद्धतीने दाखवलं, आणि समुपदेशक म्हणून ते करू नको म्हणायला मी काही त्याच्या घरचा नव्हतो.

बहिणीवर लक्ष ठेवावं लागेल. भाऊ अभ्यास करतो म्हणून पाणी, भाकरी, शेळ्या तिच्याकडे आल्या. शाळेत तिचे खाडे वाढले, ते वर्गशिक्षिकेने कळवलं तेव्हा भावाशी आणि आजीशी बोलणं झालं. पाणी आता तो आणतो. बाकीचं अजून तिच्याकडेच आहे.

मुलगा बारावी पास झाला. आयटीआयचा अर्ज भरला, पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत वीजतंत्रीला लागलं. भाऊबीजेला आई माहेरी गेली नव्हती. राखीपौर्णिमेला भाऊच येऊन गेला, जेवला नाही, चहा घेतला.

जूनमध्ये मुलगा अठराचा झाला आणि बाल कल्याण समितीकडची त्याची फाईल बंद झाली. हमीपत्र एकवीसपर्यंतचं आहे, पण ज्यांच्यासमोर ते लिहिलं त्या ग्रामसेवकांची बदली झाली. नव्यांना प्रत नेऊन दिली आहे. आषाढात मुकादम घरी येऊन गेला. वडिलांनी पुन्हा अर्ध्या कोयत्याचीच उचल घेतली, जुनी बाकी वळती करून. यंदा त्यांच्याबरोबर दुसरा अर्धा कोण, हे अजून ठरलेलं नाही.